फाटकावरचा कापूस

काका,

नऊ वाजता शिवानंद रंगाचा डबा घेऊन येणार आहे. आत्ता साडेसहा वाजलेत. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस, आणि मी तुमच्या आरामखुर्चीशेजारी स्टूल टाकून बसलोय. खुर्चीत बसायची छाती होत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "यप्पा! मल्लू, रिकाम्या खुर्चीलासुद्धा घाबरतोस होय रे?" होय काका. बावन्न वर्षांचा झालो, ऑफिसात हाताखाली चार माणसं आहेत (ती मला घाबरत नाहीत, हा भाग वेगळा), पण घाबरण्याच्या बाबतीत मी अजून तुमच्या नववी ब च्या वर्गातच आहे.

संध्याकाळी वसाहतीनं तुमची शोकसभा ठेवलीय, आपल्याच फाटकासमोर. घरचा माणूस म्हणून मी "सरांबद्दल चार शब्द" लिहून आणायचेत. लिहायला बसलो तर ते तुमच्याबद्दल होईनात, तुम्हालाच होऊ लागले. तेवढ्यात काल शिवानंद आला. फाटकाकडे बोट करून म्हणाला, "मल्लू, पाव्हणे येणार हायत. हे असलं बरं दिसंल का? सकाळी येऊन मारतो की एक हात. सर आमचेच होते."

मी म्हणालो, "बघू."

आयुष्यात मी इतक्या वेळा "बघू" म्हणालोय की आतापर्यंत सगळं बघून व्हायला हवं होतं.

फाटकावर काय आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हे संध्याकाळी वाचलं गेलं तर बाहेरच्या पाहुण्यांना कळायला हवं, म्हणून सांगतो. आमच्या फाटकावर डांबर फासलेलं आहे आणि त्यात कापसाचे बोळे चिकटवलेले आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून. बोळे आता काळे पडलेत. दुपारी ऊन तापलं की डांबर पुन्हा मऊ होतं आणि कुरिअरवाल्याच्या बोटांना लागतं. सरांनी ते दहा महिने पुसू दिलं नाही. का, ते पुढं येईल. येईल ना? मला भीती वाटतेय की मी मधेच कुठंतरी हा कागद घडी घालून खिशात टाकीन.

तर आधी तुमचा तो धडा. नववीच्या पुस्तकात अमेरिकेची क्रांती दीड पानात उरकलेली. तुम्ही ती पंधरा दिवस शिकवायचात. त्यातला एक दिवस बंडवाल्यांना, उरलेले चौदा राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसांना. हेडमास्तर हैराण. तुम्ही खडू बोटांत फिरवत म्हणायचात:

"समुद्रापलीकडं वसाहती. त्यांच्या हद्दीवर लढाई झाली, राजानं फौज धाडली, खजिना खाली झाला. मग राजा म्हणाला, बाबांनो, थोडा भार तुम्हीपण उचला की. आधी कागदपत्रांवर कर लावला, मग चहावर. लोक म्हणाले, तुमच्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही, आम्ही कर देणार नाही. बरोबर का चूक?"

अख्खा वर्ग ओरडायचा, "बरोबर!"

"हौद, हौद, होय. बसा. आता त्याच गल्लीत एक दुकानदार राहतो. तो म्हणतो, फौज आली तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या. कर काय एवढा जड नाही. राजाच्या गावातले लोक आपल्यापेक्षा जास्त देतात. चुकीचा वाटत असेल तर अर्ज करू, भांडू, पण कायदा आपल्या हातानं मोडायला नको. या माणसाचं काय करायचं?"

तिसऱ्या बाकावरून शिवानंद, "हाकलायचा, सर!"

"हाकलला. पण त्याच्याआधी त्याच्यासारख्यांना धरून अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली आणि गाडीत घालून गावभर फिरवलं. फिरवणारे कोण? रोज त्याच्या दुकानात साखर घ्यायला येणारे. पुढं असली हजारो माणसं जहाजात बसून थंडीच्या मुलखात निघून गेली. पुस्तकात त्यांना अर्धी ओळ आहे."

शिवानंद हसला होता. मी नव्हतो हसलो. मी घरी जाऊन आईला विचारलं होतं, "आई, आपल्या गल्लीत डांबर कुणाकडं असतं?"

तो प्रश्न माझ्या मनातून कधीच गेला नाही. लग्नात, बारशात, मिरवणुकीत, कुठंही वीस माणसं एकत्र दिसली की मी आधी कोपऱ्यात डांबराचा ड्रम आहे का बघतो. बायकोला, सुवर्णाला, वाटतं मी जेवणाचं बघतोय.

मोठा झाल्यावर मी तुमच्याशी वाद घालायचो, निदान घातल्यासारखं करायचो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर घेऊन आपण त्या दुकानदारावर किती सकाळी घालवल्या. मी म्हणायचो, "काका, चार हुतात्म्यांच्या सोलापुरात राहता आणि राजाची बाजू घेता?" तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "मी राजाची कुठं घेतो? मी शेजाऱ्याची घेतो. राजा लांब आहे, त्याला काय होतंय? डांबर शेजाऱ्याच्या अंगावर पडतं."

मग मी "तेही खरंय" म्हणायचो. माझी मान टेबलफॅनसारखी आहे, काका. ज्याच्याकडं वळते त्याला गार वाटतं.

आणि मग तुमचा धडा आपल्या दारात आला.

आपली वसाहत शुक्रवार पेठेतल्या ज्या संस्थेनं वसवली, ती अजून जमिनीची मालक. विहीर तिनं खणलेली, रस्ता तिचा, राखणदार तिचा. त्यासाठी ती दरसाल पट्टी घेते. गेल्या वर्षी तिनं पट्टी वाढवली. संस्थेच्या कमिटीत वसाहतीचा एकही माणूस नाही. शिवानंद, ज्याचं आता हार्डवेअरचं दुकान आहे, टाकीजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहून म्हणाला, "कमिटीत आमचा माणूस न्हाय, तर आमची पट्टीबी न्हाय!" तुम्ही ते ओसरीवरून ऐकलंत आणि तुमचा चेहरा असा फुलला की विचारू नका. एवढ्या वर्षांनी पोराला उत्तर पाठ आल्याचा आनंद होता तो. मग तुम्ही म्हणालात, "छान. आता दुकानदाराची बाजू मांडायला हवी."

रविवारी सकाळी सभा. तुमचे गुडघे चालत नव्हते. तुम्ही मला बसवून समजावलंत. "सांग त्यांना, इथं बाभळी होत्या तेव्हा विहीर कुणी खणली? आधी पट्टी भरा, मग भांडा. कमिटीत जागा मागा, अर्ज करा, कोर्टात जा, अर्जावर पहिली सही माझी. पण बहिष्काराला माझा नकार. एवढंच सांगायचं. नकार. जमेल?"

"त्यात काय," मी म्हणालो.

मी गेलो. कडुनिंबाखाली सगळी वसाहत. शिवानंद म्हणाला, "बहिष्काराच्या बाजूनं घरटी एक हात." हात वर गेले. एक, दुसरा, मग भराभर सगळे. मग तो थांबला. "सरांच्या घराचं काय, मल्लू?"

सगळ्यांच्या माना वळल्या. त्यात एकही अनोळखी चेहरा नव्हता, हेच भयंकर होतं. दूधवाला, पलीकडची पार्वतीमावशी, माझ्याबरोबर बस पकडणारा नरसय्या. कुणी डोळे वटारले नाहीत. नुसते बघत होते. माझ्या तोंडात तुमचा "नकार" तयार होता. जिभेवर आणून ठेवलेला. आणि माझा हात वर गेला.

"एकमत!" शिवानंद ओरडला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. टाळीला दोन्ही हात लागतात, त्यामुळं दुसऱ्या हातालाही मी निर्दोष म्हणू शकत नाही.

घरी आलो. तुम्ही दारातच. "मांडलंस?"

"मांडलं."

"मग?"

"ऐकून घेतलं लोकांनी."

"बघ! माणसं ऐकतात रे. तू उगाच घाबरतोस."

त्या वाक्यानंतर मी जेवलो कसा, आठवत नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या असं सुवर्णा सांगते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टोपी घातलीत, रिक्षा केलीत, पेठेत जाऊन पट्टी भरून आलात, आणि उतरल्या उतरल्या टाकीजवळच्या मंडळींना सांगितलंत, "भरली बाबा मी." मोकळ्या मनानं सांगितलंत. आपलं म्हणणं सभेत सांगून झालंय, लपवायचं काय? आणि त्यांनी काय ऐकलं? सरांनी आधी हात वर करायला लावला आणि मग गुपचूप शब्द मोडला.

त्या दिवसापासून वसाहतीचा आवाज बदलला. शिव्या नाहीत, भांडण नाही. "नमस्कार सर" तेवढं बंद झालं. सुवर्णानं पार्वतीमावशींकडे शेंगाचटणीची वाटी पाठवली, ती तशीच्या तशी परत आली. तुम्ही ओसरीवर बसून विचारायचात, "पट्टी भरली म्हणून एवढा राग? मी सभेत स्पष्ट सांगितलं होतं ना रे?" मी "हो" म्हणायचो. कडी वाजली की मी आधी खिडकीच्या फटीतून बघायचो. पेपरवाल्यानं पेपर टाकला तरी दचकायचो. एकदा तुम्हीच मागून हाक मारलीत तर हातातला तांब्या सुटला.

पुढच्या आठवड्यात दिवेलागणीला ऑफिसातून आलो, तर फाटकाशी पंधरा-वीस माणसं. कोपऱ्यावर रस्त्याचं काम चालू होतं, तिथला डांबराचा ड्रम. आयुष्यभर शोधत होतो तो ड्रम अखेर सापडला. शिवानंदच्या हातात ब्रश. कुणीतरी घरची गादी उसवून आणलेली. कोंबड्याची पिसं मिळाली नाहीत की काय कोण जाणे, पण सोलापूरच्या माणसाला कापूस आधी आठवणार. गंमत म्हणजे कुणी ओरडत नव्हतं. शाळेत हस्तकलेच्या तासाला असतात तसे सगळे शांतपणे कामात.

"ये मल्लू," शिवानंद म्हणाला, "तुझं कायबी चुकलं न्हाय. तू शब्द दिला होतास. म्हाताऱ्यानं मोडला." आणि त्यानं माझ्या हातात कापसाचा बोळा दिला.

एक वाक्य पुरलं असतं, काका. "काकांनी शब्द दिलाच नव्हता." मोजून चार शब्द. वसाहतीनं आता माझ्याकडे मागितलेत तेवढेच.

मी वाकलो आणि बोळा चिकटवला. खाली, कडीजवळ, कुणाच्या नजरेत येऊ नये असा. मग मागच्या दारानं घरात आलो. तुम्ही रेडिओ लावून बसला होतात. "बाहेर कोण आहे रे?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "पोरं आहेत." तेही खरंच होतं म्हणा. तुमचीच पोरं.

सकाळी तुम्ही फाटकापाशी उभे. मी मागं, भिंतीला टेकून. वाटलं तुम्ही कोसळाल. तुम्ही चष्मा नाकावर सरकवलात आणि उत्तरपत्रिका तपासतात तसं फाटक वरून खाली तपासलंत.

"डांबर, दहापैकी आठ. पिसांच्या जागी कापूस, कल्पना चांगली, सहा." मग वाकलात. "हा कडीजवळचा बघ. ज्यानं लावला त्याचा हात कापत होता." सरळ होत म्हणालात, "काठावर पास."

मी पुसायला फडकं आणलं तर म्हणालात, "राहू दे. पोरांनी धडा पाठ केलाय. तो पुसणारा मी कोण?"

दोन दिवसांनी टाकीजवळ शिवानंदनं तुम्हाला तोंडावर सुनावलं, "सर, तुमच्या घरानं हात वर केला होता. शिकवायला सोपं असतंय." नरसय्यानं हे मला नंतर सांगितलं. काठी टेकत घरी आलात, माझ्यासमोर बसलात. सुवर्णानं चहा ठेवला.

"मल्लू," तुम्ही म्हणालात, "माझे गुडघे सभेपर्यंत जात नाहीत. पण हात जाऊन आला म्हणे."

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर घातलेलीच नव्हती. तुम्ही वाट बघितलीत. चहावर साय धरेपर्यंत बघितलीत. मग म्हणालात, "बरं. कडक भाकरी आहे का अजून?"

त्यानंतर दहा महिने तुम्ही तो विषय काढला नाहीत. मला नाही, वसाहतीलाही नाही. ज्या माणसानं आयुष्यात दिलेली वेळ पाच मिनिटंसुद्धा चुकवली नाही, तो शब्द मोडणारा म्हणून त्या फाटकातून जा-ये करत राहिला. एक वाक्य तुमच्याकडेही होतं. "हात पुतण्याचा होता." तुम्ही ते वापरलं नाहीत. मला आधी वाटायचं तुम्ही मला शिक्षा करताय. मग वाटायला लागलं की त्या दुकानदाराच्या जागी बसून बघताय. आता वाटतं, तुम्ही अजून वाट बघत होतात. तुमच्या बाजूनं तो चहा कधीच निवला नव्हता.

तुम्ही गेलात त्या दिवशी सगळी वसाहत आली. मी दार उघडायला घाबरत होतो. पण शिवानंद हंबरडा फोडून रडला, काका, खोटं नव्हतं ते. पार्वतीमावशींनी आमची चूल सांभाळली. आणि स्मशानातून परत येताना शिवानंद माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सरांनी तेवढा एक शब्द मोडला. पण आमी मनात न्हाय ठेवलं. लई मोठा माणूस. माफ केलं."

माफ केलं! तुम्हाला! माझ्या हाताबद्दल!

मी मान हलवली.

काल संध्याकाळी मी सुवर्णाला सगळं सांगितलं. सभा, हात, बोळा, शिवानंदची माफी. तिनं भांडी घासता घासता ऐकलं. मग म्हणाली, "परत मान हलवली तुम्ही?" मी म्हणालो, "तुला बाकीच्याचं काही वाटत नाही?" ती म्हणाली, "ते मला माहीतच होतं. तुमच्या शर्टाच्या बाहीला डांबर होतं. मी त्याच रात्री साबणानं घासत बसले होते, तर काका मोरीपाशी आले. म्हणाले, सुवर्णा, आधी खोबरेल तेल चोळ, मग साबण लाव. आणि त्याला विचारू नकोस, आधीच घाबरलेला आहे."

काका, तो शर्ट मी अजून वापरतो. बाही स्वच्छ आहे.

म्हणजे फाटकासमोर वाकलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. पास केलंत तेव्हाही. मी इतकी वर्षं गावातल्या डांबराला घाबरलो, आणि घरात एक माणूस खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभा होता.

आता एक राहिलं. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तुम्ही खूश झाला असतात. तुमचं मला कधीच पटलं नाही. कमिटीत आपला माणूस नसेल तर पट्टी देऊ नये, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. विहीर त्यांनी खणली म्हणून पाण्याबरोबर आमचं तोंडही त्यांचं होत नाही. चहा समुद्रात टाकणारे मला आवडतात. तुमचा दुकानदार चुकत होता. आणि त्याच्या दारात डांबर घेऊन जाणारे त्याहून जास्त चुकत होते, आणि त्यांच्यात मी होतो. बघा, एका दमात आलं. एवढी वर्षं भाकरी मोडत तुम्ही याच वाक्याची वाट बघत असाल, तर मी फारच उशिरा वर्गात आलो.

भीती मात्र गेलेली नाही. सांगितलं की जाते म्हणतात, ते माझ्या बाबतीत तरी नाही. हे संध्याकाळी वाचलं तर उद्या सकाळी कोणती वाटी परत येईल, नरसय्या बसस्टॉपवर कुठं बघेल, शिवानंद काय करेल, सगळं मला आत्ताच दिसतंय. मला याच वसाहतीत राहायचंय. मला जहाज नाही.

कडी वाजली.

नऊला वीस मिनिटं आहेत. शिवानंद नववीतसुद्धा लवकर यायचा. खिडकीतून दिसतोय. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, तोच की काय देव जाणे. ब्रशच्या दांड्यानं कडी वाजवून, फाटकाला हात न लावता उभा आहे, अजून ऊन चढलेलं नसतानाही. म्हणजे डांबर कुठं आहे ते त्याला पाठ आहे.

सुवर्णा विचारतेय, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हणालो. मग म्हणालो, ये.

त्याला सांगणार आहे की रंग संध्याकाळनंतर. आधी मला हे सभेत वाचू दे. कडीजवळचा माझा आहे, तो दाखवीन. हाताबद्दल सांगीन. त्यानं ब्रश मारायचाच म्हटलं तर फाटकापुढं उभा राहीन, निदान मला आत्ता तरी तसं वाटतंय.

हात कापतोय, काका. काठावर तरी पास करा.